क्लचवरचा पाय

गाडीतून जळका वास यायला लागला, तसं घरातल्या सगळ्यांनी आधी सुलेखाकडं बघितलं. ती नुकतीच गाडी शिकली होती. परवाच पहिल्यांदा एकटी पुंडलिकनगरपर्यंत जाऊन आली होती, त्याचं कौतुक अजून तिचं तिलाच सरलं नव्हतं.

मिस्त्रीनं एक चक्कर मारून आणली. "क्लचप्लेट जळाली. कुणीतरी हाफ क्लचवर चालवतंय, क्लचवरचा पाय उचलतच नाय."

"कुणीतरी कशाला? घरात शिकाऊ एकच आहे," नवरा म्हणाला. "बास झालं आता. उद्यापासून हिनं रिक्षानं जायचं."

सुलेखानं किल्ली पुढं केली. तेवढ्यात खांद्यावर झोपलेल्या नातीला थोपटत सासरे साहेबराव पुटपुटले, "तिला कशाला बोलतो? पाय माझा होता."

नवऱ्याला हसूच फुटलं. "बाबा, अख्खी हयात एसटी चालवली तुम्ही! अन् हाफ क्लच?"

"एसटीत मागं ही झोपलेली नसायची," साहेबराव म्हणाले. "क्लच सोडला की गाडी हिसका देती, अन् पोरगी टक्क जागी होती. लई जपून चालवत होतो रे. आन् तू हळू बोल आधी."

नवी प्लेट बसली त्या दिवसापासून गाडी सुलेखाच चालवते. बाबा मागं बसतात, नातीला मांडीवर घेऊन, आणि हिसका बसला की पुढच्या सीटला म्हणतात, "बसू दे, बसू दे. इथं कुणी उठलं नाय."