घोयऱ्याचं घर

खाडीवरून दहावं उरकून आल्यावर शेवंतीने ओलं लुगडंसुद्धा बदललं नाही. दुधाचं जाळीचं कपाट ओढत ओढत तिने गॅलरीच्या खिडकीपाशी आणलं, आतली पातेली जमिनीवर मांडली आणि मधली फळी उचकटून काढली. नवरा, दत्ताराम, दारातच उभा राहिला. टोपी हातात धरून तो नुसता बघत होता.

"घोयऱ्याला उंची लागते," ती म्हणाली. "जया सांगायची."

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. एक डोळा पुढे, एक मागे, आणि चाल अशी की एकेका पावलाला पंचांग बघत असावा. जयाने तो कॉलेजातून आणला तेव्हा मुलुंडच्या त्या चाळीत सगळ्यांनी नाकं मुरडली. पण पोरीने असा जीव लावला की शेवंतीसुद्धा झुरळं मारायची सोडून धरून बरणीत भरायला लागली.

मग जयाला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. नेमका त्याच आठवड्यात घोयरा पिवळाधमक होऊन बसला. शेजारच्या सोनूबाई म्हणाल्या, "आपला रंग पोरीला देतोय मेला. आधी घराबाहेर काढा." लेक अंथरुणाला खिळली की शहाण्यासुरत्या बापालाही काय वाटेल ते पटतं. दत्तारामने घोयऱ्याला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि भर उन्हात डोंगराकडे निघाला. झाडावर सोडायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. डब्याला भोकं पाडायचं सुचलंच नाही. डोंगराखाली झाकण काढलं तेव्हा घोयरा काळा पडला होता.

पार्ल्याला जयाच्या मैत्रिणीकडे ठेवून आलो, असं त्याने घरी सांगितलं. इस्पितळात जया रोज विचारायची, "बाबा, पाणी पितो ना तो?" आणि हा रोज सांगायचा, "पितो गं, झकास पितो." तिसऱ्या आठवड्यात विचारणारीच राहिली नाही.

आज पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर दहा-बारा कावळे बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. दत्तारामच्या भावाने, काशीरामने, हात जोडले. तुझ्या आईबापाला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे ढिम्म. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा शेवंती पुढे झाली.

"जया, तुझ्या घोयऱ्याला मी सांभाळीन गं. घर करीन त्याला, औषध घालीन. जा तू आता."

आणि कावळा खाली आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. जिवंतपणी फसवलं ते फसवलं, मेल्यावरही लेकीला फसवलं, हे दत्तारामच्या छातीवर मात्र धोंड्यासारखं बसलं.

आता जयाने कुठूनशी मागून आणलेली सलाईनची बाटली शेवंतीने खिळ्याला टांगली. नळीचं तोंड कपाटाच्या वर आणून बांधलं. घोयरा वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. पानावरून थेंब ओघळताना दिसला तरच जीभ काढतो. मग ती सहाण घेऊन बसली आणि समुद्रफेस घासू लागली. माकूल माशाच्या पाठीतलं ते पांढरं हाड जयाने गावच्या किनाऱ्यावरून पिशवीभर गोळा करून आणलं होतं. त्याची पूड झुरळांना फासायची, म्हणजे घोयऱ्याची हाडं बळकट होतात. ह्याच सहाणेवर शेवंतीने एके काळी जयाची गुटी उगाळली होती.

दत्तारामला ते बघवेना. आता ही विचारील, कधी आणताय त्याला? पण ती विचारत नव्हती, आणि न विचारणं जास्तच जाळत होतं.

"शेवंती," तो म्हणाला, "तो पार्ल्याला नाही गं."

तिचा हात चालूच राहिला.

"मीच मारला त्याला. डब्याला भोकं नाही पाडली मी."

"ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"पार्ल्याला जाऊन तासाभरात कोण परत येतं? आणि जन्मात कधी स्वतःची बशी विसळली नाहीत तुम्ही. त्या दिवशी नळावर बसून डबा घासत होतात. राख लावून, तीन-तीनदा."

दत्ताराम भिंतीला धरून खाली बसला. "मग खाडीवर तसं कशी बोललीस? लेकीशी खोटं बोललीस?"

"बोलले." आता तिचा हात थांबला. "तिचा जीव त्याच्यात अडकला होता. काय सांगायचं होतं तिला? तुझा घोयरा मेला, तुझ्या बापानेच मारला, असं? कशी गेली असती हो ती?"

पदर तोंडावर दाबून ती खूप वेळ रडली. दत्तारामही रडला, गावाहून मुंबईत आल्यापासून पहिल्यांदाच. खाली नळावर कुणीतरी बादली आपटली, तेव्हा तिने डोळे पुसले आणि पुन्हा सहाण पुढे ओढली.

"घर करीन म्हटलंय मी तिला," ती म्हणाली. "तेवढं तरी खरं होऊ दे."

दत्ताराम उठला. अंगणातल्या जास्वंदीची एक जाड फांदी तोडून तो वर आला. सुतळी दातात धरून त्याने कपाटात डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "आडवी बांधू की तिरकी?"

"तिरकी," शेवंती म्हणाली. "चढायला बरी पडते त्याला."