सहा खुर्च्यांचा मुक्काम

"आजोबा, तुम्हांला खरंच सुतारकाम येतं का?"

विचारलं ठिणगीने, पण प्रश्न तिच्या मैत्रिणींचा होता. हिंमत असेल तर विचारून दाखव, म्हणाल्या होत्या, आणि हिंमत हल्ली ठिणगीच्या अंगात मावत नव्हती. तसं मैत्रिणींचंही चुकत नव्हतं. आजोबांनी परवा जोडलेल्या खुर्चीवर त्यांतली एक बसली, तर खुर्ची लाकडी घोड्यासारखी डुलली.

आजोबांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. "चाळीस वर्षं तेवढंच केलं. ये, बस. तूही शीक."

ते चार दिवसांसाठी आले होते. रिकामं बसवेना, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या सहा डगमगत्या खुर्च्या त्यांनी हाती घेतल्या. शेवटची घट्ट झाली की मी आपला माझ्या घरी, हे आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. त्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. आता पाचवा आठवडा चालू होता. एक घट्ट झाली की दुसरी मान टाकायची. आजोबांनी जाऊ नये असं ठिणगीला फार वाटे, पण त्यांचा हात हरलेलाही तिला बघवेना.

मग ती शिकली. भोकात बसणारं दांडीचं टोक गरम ओल्या फडक्याने शेकायचं, हिसका न देता काढायचं. जुना सरस खरवडायचा. त्यासाठी बाबांनी खणातला आपला पेचकस दिला, टोकाचा एक कोपरा उडालेला. मग नवा सरस, भोवती दोरी, दोरीत काठी घालून पीळ, आणि दिवसभर कुणी हात लावायचा नाही.

"आता यावर हत्ती बसव," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने दोघांना बाहेर पिटाळलं. "नाना, पाय मोकळे करून या. घाई कसली आहे?"

परतले तर खुर्ची डुलत होती. बाबा अंगठ्याला पट्टी गुंडाळत होते.

"डबा उघडताना लागलं," ते म्हणाले.

आजोबा खुर्चीकडे बघत राहिले. "हात गेला माझा."

"असं काय म्हणता? पुन्हा करा की सावकाश," आई म्हणाली.

ठिणगीने सांधा सोडवून उजेडात धरला. बराच वेळ निरखला. मग आजोबांच्या कानाशी लागली. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि खांदे गदागदा हलेपर्यंत हसले.

जेवायला सगळे बसले तेव्हा ठिणगीने ताटावर चमचा वाजवला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून खुर्च्या मी सैल करणार. बाबांना जमत नाही, पेचकस खुपसून दर वेळी लाकूड कुरतडतात. शिकवायला आजोबा तयार आहेत."