लाटसाहेबाचं शिंगरू

डॉक्टर विनिता घोड्याच्या मागून उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "चांगदेवशेठ, हा तर खच्ची केलेला आहे."

चांगदेव आधी हसला, मग मटकन खाली बसला. उरणच्या रस्त्यावर त्याचे सात ट्रेलर धावत होते, पण जीव जडला होता तो या घोड्यावर. मुंबईत अकरा शर्यती मारलेला लॉर्ड सेबॅस्टियन! गावात त्याचा लाटसाहेब झाला. पैदाशीसाठी म्हणून चांगदेवने त्याला वाजतगाजत आणला, गावजेवण घातलं, फाटकावर 'अस्सल विजेत्याची पैदास' असा बोर्ड ठोकला.

"घेताना बघितलं नाहीत?"

बघितलं होतं की. दात बघितले, खूर बघितले, जिंकलेले कप बघितले. बाजारात बैल घेताना चांगदेव आधी मागून वाकून बघायचा, मगच भावाचं बोलायचा. पण मुंबईत घोडा घेताना सगळे सूटबूटवाले, टोप्या घातलेल्या बायका. त्यांच्यादेखत लाटसाहेबाच्या मागे वाकायची त्याला लाज वाटली.

आणि गेल्याच महिन्यात मांडव्याच्या शिवदासची घोडी तीन दिवस इथे ठेवलेली! शिवदास किनाऱ्यावर घोडागाडी हाकायचा, गरीब माणूस. जोडीला संकोच नको म्हणून चांगदेवने स्वतः चारी बाजूंनी ट्रेलरची ताडपत्री बांधली होती. आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात फाटकातून शिवदासच आला, हातात पेढ्यांचा पुडा.

"शेठ, घोडी गाभन हाय! लाटसायबाचं शिंगरू म्हनून आत्ताच दोन गिऱ्हाइकं दारात हायत."

डॉक्टरांनी चांगदेवकडे पाहिलं. शिवदासने भरवलेला पेढा त्याच्या तोंडातच होता, तो गिळवेना. गप्प बसलं तर बोर्ड राहील, अब्रूही राहील. पण या भोळ्या माणसाला फसवायचं? उद्या शिंगरू धावलं नाही, तर हा कुणाच्या नावानं रडेल? छे, हे पाप पचणार नाही. चांगदेवने मन घट्ट केलं आणि शिवदासचा हात धरला.

"शिवदास, माफ कर मना. घोडा खच्ची हाय. मना पन आजच कललं."

शिवदासने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा फाटकाबाहेर पाहिलं, आणि चांगदेवला कोपऱ्यात ओढलं.

"हलू बोला, शेठ! घोडी हितं आनली तवाच दोन महिन्यांची गाभन व्हती."