कोरा जॅक

डॉक्टर पोर्चमध्ये गाडीशेजारी पालथा पडला होता आणि लक्ष्मीबाईंचा संशय वाढतच चालला होता. गिऱ्हाईक कसं, गाडीभोवती फेरी मारतं, रंगावरून हात फिरवतं, हॉर्न वाजवून बघतं. हा बाबा टॉर्च मारून खालचा पत्रा न्याहाळत होता. नाव धम्मपाल खरात, दातांचा डॉक्टर, सिडकोत दवाखाना. असेल बाई! पण दातांच्या डॉक्टरला गाडीच्या पोटाखाली एवढं काय दिसतं?

गाडी लक्ष्मीबाईंच्या यजमानांची, तात्यासाहेबांची. विलायती, लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची. त्यांच्या शेजारी बसून त्या अख्खा मुलूख हिंडल्या होत्या. तात्यासाहेब गेले आणि गाडी जागेवर उभी राहिली. उभ्या गाडीला गंज खातो, हे लक्ष्मीबाईंना रोज दिसत होतं. म्हणून विकायची. पण मुलाला, ऋतुराजला, त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, की गाडी अख्खी जाईल आणि रस्त्यावर पळेल. सुटे भाग करून विकणाऱ्याच्या हातात ती द्यायची नाही.

अट उगाच नव्हती. तात्यासाहेबांची जुनी मोटरसायकल ऋतुराजनं अशीच एका गोडबोल्या शौकिनाला दिली. पुढं पैठणला जाताना लक्ष्मीबाई एका ढाब्यावर जेवायला थांबल्या, तर भिंतीवर मोटरसायकलची टाकी टांगलेली, आत दिवा लावलेला. तात्यासाहेबांनी बैलगाडीला धडकवून पाडलेला पोचा त्यांनी लगेच ओळखला. ताटावरून तशाच उठल्या. ऋतुराजही तेव्हा हळहळला होता. "आई, ही माणसं अशीच. गाडी नेतात अन् तिची हाडं वेगळी करतात. आता आपण डोळ्यांत तेल घालून बघू." तेव्हापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाकडं लक्ष्मीबाई चोर आल्यासारखं बघत.

डॉक्टर उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "काकू, हिचा मूळ जॅक असेल ना? गाडीबरोबर कारखान्यातून आलेला?"

झालं! लक्ष्मीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मूळ, असली, ओरिजिनल. सुटे भाग हुडकणाऱ्यांच्या तोंडात हेच शब्द असायचे.

"कशाला पाहिजे?"

"चाक उचलून बघायचंय."

"अहो डॉक्टर, मी नवा आणून ठेवलाय ना!" ऋतुराज लगबगीनं पुढं आला. जमिनीवरून सरकणारा मोठा जॅक त्यानं सकाळीच पोर्चमध्ये मांडला होता. "तो जुना लई बेभरवशाचा. घसरला-बिसरला तर हात जायचा तुमचा."

परक्या माणसाची केवढी काळजी पोराला! लक्ष्मीबाईंना बरं वाटलं.

"नवा जॅक गाडी मधून उचलणार," डॉक्टर म्हणाला. "हे बघा, प्रत्येक चाकाजवळ पत्र्यात जॅकचा दांडा घालायला खोबण आहे. आतून पत्रा सडला असेल तर वरच्या रंगावरून कळत नाही. दांड्यावर वजन आलं की कळतं. अन् उद्या आम्ही नवरा-बायको फुलंब्रीच्या पुढं पंक्चर होऊन बसलो, तर हे तुमचं धूड गाडीत कुठं कोंबू?"

बोलणं बिनतोड होतं. म्हणूनच लक्ष्मीबाईंना जास्त खटकलं. मोटरसायकल नेणाराही असाच बिनतोड बोलायचा. त्यांनी खुर्ची ओढून गाडीला लावली आणि ठाण मांडून बसल्या. "काढ रे तो जॅक. मी बसलेय इथंच."

ऋतुराज डिकीची किल्ली शोधू लागला. घरात जाऊन आला, कपाट उघडून आला. शेवटी किल्ली त्याच्याच खिशात निघाली.

कापडी पिशवीतून जॅक बाहेर आला. काळाभोर, चकचकीत, कारखान्याची चिठ्ठी अजून गळ्यात. तात्यासाहेबांनी तो कधी वापरलाच नव्हता. पंक्चरवाला यायचा तो आपलाच जॅक घेऊन. डॉक्टर बघतच राहिला. आता हा पिशवीत घालणार, आता याची वेगळी किंमत विचारणार, म्हणून लक्ष्मीबाई त्याच्यावर डोळे रोखून होत्या.

डॉक्टरनं चिठ्ठी सोडून बाजूला ठेवली. पलीकडच्या चाकांना विटा लावल्या, दांडा खोबणीत घातला आणि मूठ फिरवली. कर्रर्र आवाज झाला. दांड्यावरचा काळा रंग खरवडून निघाला.

"थांबा!" ऋतुराज ओरडला. "ओरखडा पडला ना राव! कोरा होता तो! आता कशाला घेतोय तो माणूस?"

डॉक्टरचा हात थांबला.

"कोणता माणूस?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

ऋतुराज वाकून दांड्यावरचा ओरखडा बोटानं घासू लागला.

"कोणता माणूस रे?"

"आहे एक जण, आई. असले न वापरलेले जॅक जमवतो. त्याच्याशी बोलणं झालंय. मीटर दुसऱ्यानं मागितलाय. सगळीकडं असंच चालतं गं आता. यांना मी दुसरं बसवून देणारच होतो. यांना काय कळणार होतं?"

इतके दिवस लक्ष्मीबाई दारातून आत येणाऱ्यांवर पहारा ठेवून होत्या. घरातल्यावर ठेवावा, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आधी रडू आलं. मग असा राग आला, की रडू तिथंच आटलं.

त्या उठल्या. डॉक्टरांच्या हातातली मूठ त्यांनी आपल्या हातात घेतली आणि दात-ओठ खात फिरवायला लागल्या. काळ्या रंगाच्या खपल्या फरशीवर पडत गेल्या. पत्रा कुठं दबला नाही, कुठं कुरकुरला नाही. चाक जमिनीवरून अलगद सुटलं.

"आई, अगं वाट लागली त्याची! आता कोणी हात लावणार नाय त्याला!"

लक्ष्मीबाईंनी पोराकडं वळूनही पाहिलं नाही. पदरानं घाम पुसला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तीन चाकं राहिलीत अजून."