बुटातला खडा

सासरी निघताना आईनं बजावलं होतं, "आपल्या वसाहतीचं, माझ्या कुष्ठरोगाचं तिथं अवाक्षर काढायचं नाही." मी नाही काढलं. तोंड माझं ऐकतं हो, हात कुठला ऐकायला!

दुसऱ्याच सकाळी सासरे बाहेर निघाले, तर मी सवयीनं त्यांचे बूट उचलून आतून हात फिरवला. आईच्या पायाला खडा रुतला तरी कळत नाही, म्हणून तिचे बूट रोज मीच चाचपायचे.

वर बघते तो सासूबाई समोर. म्हटलं, पडलं पितळ उघडं!

त्यांनी बूट माझ्या हातातून घेतले. "ह्यांचे मी मघाशीच चाचपून ठेवलेत गं." मग हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे कुणाचे? आईचे की बाबांचे?"