न पोचलेला निरोप

"चूक माझीच आहे," असं म्हणून रौशान खाली बसली.

अल्माटीच्या त्या न्यायालयात मागच्या बाकावरून झानदोसची आई उठली. "माझा बेइबित आणून दे! आत्ता आणून दे!" दोघांनी धरून तिला खाली बसवलं.

जुलैत, भर दुपारी, हिमनदीच्या कुशीतलं तळं फुटलं होतं. चिखल-दगडांचा लोंढा सारीझार गावावर आला तेव्हा तिथे लग्नाची पंगत बसली होती. भोंगा वाजलाच नाही. तेवीस माणसं गेली. चोविसावा बेइबित, झानदोसचा थोरला भाऊ. भोंग्याच्या खोलीत त्याची पाळी होती. लोंढा दिसताच तो धावत सुटला, सात पोरं एकेक करून छपरावर चढवली आणि आठव्याला आणायला गेला तो गेलाच. गावाने स्मारकावर त्याचं नाव सगळ्यांत वर कोरलं.

तळ्यावरच्या संगणकाने भोंग्याच्या संगणकाला निरोप पाठवायचा, त्याने पोच द्यायची. या दोघांचं सगळं बोलणं रौशानने गणिताच्या भाषेत मांडलं होतं. कुठला निरोप कधी निघेल, कधी अडेल, याच्या शक्य त्या सगळ्या वाटा यंत्राकडून तपासून घेतल्या होत्या. निरोप हरवूच शकत नाही, असं सिद्ध करून तिने खाली सही केली होती. झानदोस तिचा विद्यार्थी. पुढे तिच्याच हाताखाली कामाला लागलेला.

"एक वाट राहून गेली," तिने फळ्यावर बाण काढून दाखवले होते. "भोंगा स्वतःची चाचणी घेत असताना निरोप आला, तर तो गळून जातो. हे मी धरलंच नव्हतं."

सरकारी वकिलाला बाण कळले नाहीत. कबुली कळली.

बाहेरच्या बोळात झानदोसने तिला गाठलं. सोबतचा शिपाई दोन पावलं मागे सरकला.

"आपाय," बाईंना तो अजून याच नावाने हाक मारायचा, "सिद्ध झाल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"शिकवलं."

"मग माझा भाऊ कशापायी गेला?"

रौशानने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "आईला जप. आणि ते काम पुन्हा उघडू नकोस, झानदोस. पुरलंय ते पुरलेलंच राहू दे."

"का? लाज वाटते?"

"हो," ती म्हणाली. "लाज वाटते."

तो तिच्या पायाशी थुंकला.

चार वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच हिवाळ्यात तुरुंगात न्यूमोनियाने ती गेली. बातमी आली तेव्हा आई चहात दूध घालत होती. "बरं झालं," ती म्हणाली आणि वाटी झानदोसपुढे सरकवली. त्याने चहा संपवला. त्यालाही वाईट वाटलं नाही.

वसंतात शेजारच्या दरीतल्या भोंग्याचं काम त्याच्याकडे आलं. रौशानची मांडणी घ्यायची आणि तिची चूक तेवढी काढून टाकायची, असं त्याने ठरवलं. त्यासाठी आधी ती चूक हाती लागायला हवी होती. त्याने चाचणीची वाट घातली आणि यंत्र चालवलं.

उत्तर आलं : निरोप हरवण्याची एकही वाट नाही.

पुन्हा चालवलं. तेच. चाचणी चालू असताना आलेला निरोप रांगेत थांबत होता आणि चाचणी संपताच भोंगा वाजत होता.

"म्हणजे ती कोर्टात खोटं बोलली?" शेजारच्या टेबलावरून त्याची सहकारी तोल्गानाय हिने विचारलं. "तुरुंगात जाण्यासाठी? अरे, असं कोण करतं?"

"माझंच काहीतरी चुकतंय," झानदोस म्हणाला.

भोंग्याची खोली वाहून गेली होती. न्यायालयापुढे आली ती तळ्यावरच्या संगणकाची नोंद, तीही रौशाननेच काढून दिलेली. 'निरोप पाठवला' इथे ती संपत होती. तो कार्यालयाच्या कोठारात गेला, मूळ तबकडी मागून घेतली, टेबलाशी येऊन लावली. तिच्यात आणखी एक ओळ होती.

'दुपारी २.११. पोच आली. भोंगा हाताने थांबवला. थांबवणारा : बेइबित. शेरा : परवासारखाच खोटा इशारा असणार, गावात लग्न आहे, पंगत उठवू नका.'