जात्याचा खुंटा

पूर्णगडला खाडीच्या काठी शकूचं घर होतं. जातं पडवीतच होतं, त्यामुळं दळता दळता तिला समुद्र दिसे. त्या सकाळी तिच्या नवऱ्याचा, खंडूचा मचवा परत येताना दिसला. मूठभर तांदूळ घालायला ती थांबली, तसा मचवा जागीच थांबला. जातं फिरलं आणि मचवा पुन्हा चालू लागला.

पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा.

"आये, मी थांबले की वारा पडतो," दळतच ती सासूला म्हणाली.

"लागोपाठ झालं म्हणून तुझ्यामुळं झालं काय गो?" सासू हसली आणि पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली.

शकूला ते पटलं. इतक्यात मुंबईची आगबोट दिसली. तिला कुठं वारा लागतो! शकूनं मुद्दाम हात थांबवला. आगबोट जागच्या जागी उभी राहिली. तिचा धूरसुद्धा आभाळात तसाच थांबला.

मग मात्र शकूनं खुंटा सोडला नाही. तांदूळ संपले, दगडावर दगड घासू लागला, तळहाताला फोड येऊन फुटले.

अखेर खंडू दारात आला. त्याला धडधाकट बघून तिला रडूच फुटलं.

"रिकामं जातं कसलं फिरवतेस? ऊठ, मला जेवायला..."

तिनं डोळे पुसायला खुंटा सोडला होता. खंडूचं तोंड उघडंच राहिलं. उंबऱ्यावर उचललेला पाय तसाच वर होता. बाहेर लाटांचा आवाज नव्हता.

तिनं खुंटा धरला. जातं फिरलं.

"...वाढ," खंडू म्हणाला.